मफलर कुणाच्या गळ्यात

परवा बाईंचा वाढदिवस झाला. शाळेच्या जुन्या ग्रुपवर कोणीतरी त्यांचा फोटो टाकला आणि खाली शुभेच्छांची रांग लागली. ‘मायेचा सागर’. ‘सर्वांना सांभाळून घेणाऱ्या’. ‘मृदुभाषी’. मृदुभाषी! मी पोळ्या लाटत होते, लाटणं बाजूला ठेवलं आणि तो शब्द पुन्हा वाचला. बाई आणि मृदुभाषी? ज्या सरांनी हे लिहिलं त्यांना बाईंनी भर स्टाफरूममध्ये ‘बह्याड’, म्हणजे बिनडोक, म्हटलेलं मी माझ्या कानांनी ऐकलंय, आणि बरोबरच म्हटलं होतं. बाई आता बहिणीकडे संग्रामपूरला असतात, ग्रुपवर नाहीत, म्हणून कोणीही काहीही लिहावं. पण याच माणसांनी बाईंच्या निरोपाच्या दिवशी काय केलं ते मी विसरलेली नाही. हात जोडलेली दोन चित्रं टाकली की झालं यांचं. माझं नाही होत.

आधी बाई कशा होत्या ते सांगते, कारण त्या ‘मायेचा सागर’ वगैरे अजिबात नव्हत्या.

चिखलीतल्या आमच्या शाळेत त्या भूगोल शिकवायच्या. शाळेत बाकी सगळ्या जणी मॅडम, या एकट्या बाई. मी नवीन रुजू झाले तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांना ‘मॅडम’ म्हटलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “मॅडम साडीच्या दुकानात म्हंतात. मी काही साडी घेऊन राह्यली का?” वर्गात पुस्तकी भाषेत शिकवायच्या, अगदी ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ वगैरे स्वच्छ उच्चारात, आणि रागावल्या की तिथल्या तिथे वऱ्हाडीवर यायच्या. पोरींना त्यावरून कळायचं की आता खरं बोलणं सुरू झालं. लग्न केलं नव्हतं. का नाही केलं असं विचारायची कोणाची हिंमत नव्हती.

आणि त्या विणायच्या. कुठे विणायच्या म्हणून विचारू नका, कुठे विणत नव्हत्या ते विचारा. मनगटात कापडी पिशवी अडकवलेली, पिशवीत लोकरीचे गुंडे, आणि घरून शाळेत येता येता रस्त्यानं हात चालू. समोरून ट्रॅक्टर येवो की लग्नाची वरात, बाई मान वर करायच्या नाहीत. ज्याला जायचंय तो बाजूनं जाईल असा हिशोब. मीटिंगमध्येही तेच. एकदा हेडसर वैतागून म्हणाले, “बाई, मीटिंग चालू आहे.” बाई म्हणाल्या, “हाव, म्हून तं विणून राह्यली. नाही तं झोप लागली असती.” हेडसर पुढचा अर्धा तास काय बोलले ते त्यांनाही आठवत नसेल.

बरं, विणायच्या कधी, तर उन्हाळ्यात. मे महिन्यात आमच्याकडे कुलरपुढे बसूनसुद्धा जीव नकोसा होतो, आणि या बाई मांडीवर लोकर घेऊन बसलेल्या. हिवाळा आला की सुया बंद. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, “हिवाळ्यात विणत बसली तं लोकं घालतीन कवा?” एवढं साधं उत्तर, पण बोलण्याचा सूर असा की जणू मी पृथ्वी सपाट आहे का असं विचारलं.

त्यांच्याबरोबर एसटीनं जायचं म्हणजे शिक्षाच. मेहकरला एका शिबिराला आम्ही दोघी चाललो होतो. पुढच्या सीटवर एक अनोळखी माणूस, अंगात घरी विणलेलं स्वेटर. बाईंनी हात लांब केला, सरळ त्याची कॉलर पकडली, उलटी केली आणि आतून वीण बघायला लागल्या. तो बिचारा दचकून वळला.

“ओ बाई, काय करून राह्यल्या?”

“काही नाही, पाहून राह्यली. बायकोनं विणलं?”

“हाव.”

“आतून गाठीच गाठी हायेत. पण खांदा बेस बसवला. सांगजा तिले.”

तो माणूस इतका खूश झाला की मेहकर येईपर्यंत बायकोबद्दलच सांगत होता. मी मात्र खिडकीबाहेर तोंड करून बसले होते. लाज म्हणून काही असते की नाही माणसाला!

आता मफलरची गोष्ट. ती सुरू झाली आमच्या चित्रकलेच्या सरांच्या निरोपापासून. निरोप म्हणजे आपल्याकडे काय, शाल आणि श्रीफळ. संस्थेच्या अध्यक्षांनी शाल झटकून उघडली आणि घडीतून झेंडूच्या वाळक्या पाकळ्या खाली पडल्या. पाकळ्या आणि थोड्या अक्षता. म्हणजे ती शाल आधी कोणाच्या तरी अंगावर पडून, घडी होऊन, परत कपाटात जाऊन आलेली. हे काही नवीन नाही, सगळीकडे चालतं, एकाला मिळालेली शाल दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला. सगळ्यांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. बाई मात्र खुर्चीवरून उठल्या.

“अध्यक्षसाहेब, हे शाल याच्याआंधी कोणाच्या आंगावर होती?”

माइक नव्हता तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. अध्यक्ष नुसतेच हसले. बाई म्हणाल्या, “एकाच्या आंगावरची काढता, दुसऱ्याले घालता, अन् त्याले सत्कार म्हंता. ज्या मानसानं जलमभर पोट्ट्याइले शिकोलं, त्याच्यासाठी नवं चिंधूक नाही भेटत?” चित्रकलेचे सर बिचारे ती शाल पांघरून खाली मान घालून बसले होते. मला तेव्हा बाईंचाच राग आला होता. म्हटलं, बोलायची ही वेळ आहे का?

पण त्या उन्हाळ्यात बाईंनी सरांसाठी मफलर विणला, घरी जाऊन त्यांच्या गळ्यात घातला, आणि तेव्हापासून शाळेतून जो कोणी निवृत्त होईल त्याला बाईंचा मफलर. हेडसर असो, प्रयोगशाळेतला शिपाई असो. दोन रंगांचा, आणि अशा विणीचा की या बाजूनं बघावं तर एक रंग उठून दिसतो, त्या बाजूनं बघावं तर दुसरा. उलटी बाजू म्हणून नाहीच. माणूस बघून रंग ठरवायच्या. घंटा देणाऱ्या मामांना तपकिरी आणि भगवा दिला, मामा तो भर उन्हाळ्यात घालून फिरत होते.

आणि मग बाईंचीच निवृत्ती जवळ आली. मी स्टाफरूममध्ये सहज म्हटलं, “बाईंनी सगळ्यांना केले, बाईंना कोण करणार?” आमच्याकडे सूत्रसंचालन करणारे एक सर होते. प्रत्येक कार्यक्रमाला चारोळ्या. तेच ते मृदुभाषीवाले. ते म्हणाले, “करायचं काय त्यात मॅडम? शाल-श्रीफळ आहेच की!” आणि सामोशाला चटणी लावायला लागले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिथल्या तिथे ठरवलं की बाईंना मफलर मिळणार, तसाच मिळणार, दोन्ही बाजूंनी सुलटा, आणि तो मी विणणार.

मला विणकाम येत होतं का? सुलट-उलट येत होतं, बस. आईनं शिकवलेलं. ही दुरंगी वीण चिखलीत एकट्या बाईंना येत होती. म्हणजे ज्यांना द्यायचा त्यांच्याकडूनच शिकायचं! मी मोबाईलवर व्हिडिओ बघून करून पाहिलं. एक गोरी बाई छान नखं रंगवून सावकाश विणत होती, तिचं जमत होतं, माझं दर वेळी जाळं होत होतं. शेवटी मी बाईंच्या दारात गेले आणि ठोकून दिलं की बाबांसाठी मफलर करायचाय. बाईंनी तो व्हिडिओ मागितला, पूर्ण पाहिला आणि फोन परत दिला.

“हे चुकतच नाही,” त्या म्हणाल्या. “जे चुकत नाही तिच्यापासून काय शिकशीन तू?”

रंग मी निवडले, मोरपंखी आणि हळदी. सुया बाईंनी दिल्या. त्यांच्या सुया म्हणजे सायकलचे स्पोक, दोन्ही टोकं पायरीच्या दगडावर घासून गुळगुळीत केलेली. दुकानातली सुई एका बाजूनं बंद असते, ती या विणीला चालत नाही, कारण यात काम सुईवरून दोन्हीकडे सरकवावं लागतं. तेही मला माहीत नव्हतं. महिनाभर मी बंद सुईवर डोकं आपटत बसले होते.

“एक टाका वीण,” बाई म्हणाल्या. “दुसरा नुस्ता उचल, अन् त्याच्या डोक्यावरून धागा घे. विणू नोको. असं शेवटपर्यंत.”

“मग?”

“मंग काम सरकव. पुन्हा पह्यलेपासून, दुसऱ्या रंगानं. जो उचलला तो डोक्यावरच्या धाग्यासकट वीण, जो विणला तो उचल.”

म्हणजे एक ओळ दोनदा! एका रंगानं अर्धी, दुसऱ्या रंगानं उरलेली. मी म्हटलं, बाई, असं तर हे जन्मात होणार नाही. त्या म्हणाल्या, “तुले कोठं जायचं हाये?”

खरी मेख होती सरकवायचं कधी आणि उलटवायचं कधी यात. दर ओळीच्या शेवटी माझा गोंधळ. बाईंचा नियम एकच. “दोनी धागे एकाच टोकाले आले का? आले तं उलटव. नाही आले तं सरकव.” हे त्या मला इतक्या वेळा म्हणाल्या की झोपेतसुद्धा मी धागे कुठल्या टोकाला आहेत ते बघायची. तरी चुकायचंच. घरी विणत असताना कुकर झाला, कोणी दार वाजवलं, की मी उठायची आणि परत येऊन नको तेव्हा काम उलटवायची. मोरपंखी बाजूवर मध्येच हळदी रंग डोकं काढायचा. संध्याकाळी बाईंकडे नेलं की त्या नुसतं बोट ठेवायच्या.

“इथं कोणी आल्तं का तुह्याकडं?”

“शेजारच्या काकू आल्या होत्या.”

“लई वेळ बसली.” आणि सरळ सुई काढून धागा ओढायला लागायच्या. सर्र सर्र. माझ्या डोळ्यांदेखत माझी अख्खी दुपार उसवून गुंड्यावर गुंडाळायच्या. विचारणं नाही, सांगणं नाही. मी म्हणायची, अहो बाई, एवढं कोणाला दिसणार आहे? त्या म्हणायच्या, “तुले दिसलं ना आता? मंग झालं.”

मी चिडकी आहे, हे घरचे सांगतात ते खोटं नाही. एका संध्याकाळी असंच हातभर विणलेलं त्यांनी उसवलं आणि माझा तोल सुटला. मी सुया, लोकर, सगळं उचललं आणि त्यांच्या अंगणात भिरकावलं. म्हटलं, नाही शिकायचं मला तुमचं हे! माणसाला कधी तरी एक शब्द चांगला बोलावा! सगळी शाळा तुम्हाला घाबरते ती उगीच नाही! मोरपंखी गुंडा घरंगळत तुळशीच्या कट्ट्याखाली गेला. बाई शांतपणे भाजी निवडत होत्या. माझं बोलून संपेपर्यंत त्यांनी वाट पाहिली.

“फेकून झालं?”

मी चपला शोधायला लागले.

“मंग उचल आता. मांजर येते अंगणात.”

आणि मी उचललं. स्वतःचाच राग येत होता, पण उचललं. त्यांनी चहा दिला आणि लोकरीला लागलेला पाचोळा स्वतः काढला. माफी नाही, समजूत नाही. मायेचा सागर म्हणे!

दिवाळीच्या सुट्टीत मफलर पूर्ण झाला. टाके बंद केले, धाग्याचं टोक आत ओवलं, आणि बाईंच्या हातात दिला. त्यांनी एक बाजू पाहिली, उलटवला, दुसरी पाहिली. काठावरून अंगठा फिरवला. मग स्वतःच्या गळ्याभोवती एक वेढा घेऊन दोन्ही टोकं खाली किती येतात ते पाहिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “तुह्या बापाची मान एवढी बारीक हाये?”

त्यांनी मफलर काढला, नीट घडी केली आणि परत दिला. “चालते,” म्हणाल्या. बाईंकडून ‘चालते’ ऐकलेला माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. घरी जाताना मी रस्त्यानं एकटीच हसत होते.

तेव्हा हे लक्षात ठेवा की बाईंना माहीत होतं. मफलर आपल्यासाठी आहे, निरोपाच्या दिवशी आपल्याला मिळणार आहे, हे त्यांना माहीत होतं.

निरोप नोव्हेंबरअखेर. सकाळी चांगलीच थंडी होती. एरवी थंडीत बाई कानावरून पदर गुंडाळून यायच्या, बोचकं बांधल्यासारख्या. त्या दिवशी आल्या तेव्हा पदर खांद्यावर नीट पिन केलेला, केस विंचरून बांधलेले आणि गळा मोकळा. मी बघत राहिले. आयुष्यात कोणासाठी नटल्या नसतील अशा बाई त्या दिवशी गळा मोकळा ठेवून आल्या होत्या. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

पण संस्थेला शाळेत हॉल बांधायचा होता. हॉलसाठी निधी हवा, निधीसाठी पुढारी हवा, म्हणून बाईंच्या निरोपाला एक पुढारी प्रमुख पाहुणे. मैदानात बॅनर लागला, त्यावर पाहुण्यांचा फोटो दरवाज्याएवढा आणि बाईंचा कोपऱ्यात पासपोर्टएवढा. पाहुणे दहाला येणार होते. पोरी सतरंजीवर दहापासून बसलेल्या. आधी थंडीनं कुडकुडल्या, मग उन्हानं तापल्या, एकीला चक्कर आली. पाहुणे दुपारी उगवले, आणि एकटे नाही, गाड्यांचा ताफा घेऊन. माणसंच माणसं. सगळी पांढऱ्या कपड्यात, सगळी स्टेजवर. बाईंची खुर्ची सरकवत सरकवत टोकाला नेली. ज्यांचा कार्यक्रम त्यांनाच कोपऱ्यात! बाई बसून राहिल्या.

मफलर मी कागदी पिशवीत घालून सूत्रसंचालक सरांकडे दिला होता. नीट सांगितलं होतं, सर, सगळ्यात शेवटी, बाईंच्या गळ्यात मी स्वतः घालणार आहे, मला नाव घेऊन बोलवा. “डोन्ट वरी मॅडम,” म्हणाले. डोन्ट वरी!

झालं असं की स्टेजवर बसलेल्या प्रत्येकाचा सत्कार झालाच पाहिजे, नाही तर तो रुसतो. आणि शाली मोजक्या आणलेल्या. अध्यक्षांनी एकेकाला शाल घालायला सुरुवात केली. पाहुणे झाले, पाहुण्यांचे भाऊ झाले, मग कोण कोण झाले, आणि शाली संपल्या. एक जण उरला. “आपल्या तालुक्याचे धडाडीचे युवा नेते,” असं सरांनी माइकवर म्हटलं. युवा! केसांना कलप लावलेला, पन्नाशी उलटलेला गडी. टेबलावर शाल नाही. सरांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि माझ्या पिशवीत हात घातला.

मोरपंखी आणि हळदी. मी मैदानात पोरींच्या मागे उभी होते. अध्यक्षांनी तो मफलर त्या माणसाच्या गळ्यात टाकला, फोटोग्राफर म्हणाला, “साहेब, इकडे,” आणि तो माणूस हसला.

मी ओरडले. भान राहिलं नाही. “अहो थांबा! बाईंचा आहे तो! बाईंचा आहे!” पाहुण्यांबरोबर आलेली उरलेली माणसं मैदानाच्या कडेला उभी होती. वरच्या पट्टीतला आवाज ऐकला आणि त्यांना वाटलं घोषणा सुरू झाल्या. झालं, लगेच मुठी वर! “आगे बढो! हम तुम्हारे साथ हैं!” मी जितकी ओरडतेय तितका त्यांना चेव येतोय. स्टेजवरचे युवा नेते उठून मला नमस्कार करायला लागले. मला! माझा मफलर घालून!

बाईंनी पाहिलं. त्या माणसाच्या गळ्याकडे पाहिलं, मग खाली मैदानात मला शोधलं. आणि पदर खांद्यावरून ओढून गळ्याभोवती घेतला. बस, एवढंच. चित्रकलेच्या सरांसाठी भर सभेत उठणारी बाई स्वतःसाठी उठली नाही. त्यांना हातात एक नारळ मिळाला. त्या सत्काराला उत्तर द्यायला माइकपाशी गेल्या, आणि सर म्हणाले, पाहुण्यांना पुढचा कार्यक्रम आहे, आपण राष्ट्रगीतानं सांगता करूया. राष्ट्रगीत सुरू झालं. आता सावधान उभं राहावंच लागतं. मी सावधान उभी होते आणि रागानं दात खात होते. राष्ट्रगीत संपलं तोवर युवा नेते गाडीकडे निघालेले, आणि पोरींच्या गर्दीतून मी फाटकापर्यंत पोचले तेव्हा फक्त धूळ उरली होती.

स्टाफरूममध्ये मी सरांना गाठलं. ते मिठाई खात होते.

“अहो मॅडम, मफलरच होता ना? दुसरा विणा!”

मी काय बोलले ते इथे लिहिता येत नाही. हेडसर मध्ये पडले, संस्थेचं हित, हॉलचं काम, मोठी माणसं, समजून घ्या. मी म्हटलं, समजून कोणी घ्यायचं, दर वेळी आम्हीच? त्या बाईंनी तुमच्या सासऱ्यांना मफलर केला होता ना सर, याच शाळेतून गेले तेव्हा? हेडसरांनी मान फिरवली. एकही जण म्हणाला नाही की चला, परत आणू. एकही नाही. आणि आज हेच लोक सागर लिहितात!

रविवारी मी स्कूटी काढली आणि त्या माणसाच्या गावाला गेले. मेहकर रस्त्यालाच गाव. घरी होता. माणूस तसा वाईट नाही हो, खुर्ची दिली, बायकोला चहा सांगितला.

“मफलर?” तो म्हणाला. “ताई, सत्कार तं रोजच असते. मले काय ध्यानात राह्यते?”

“दोन रंगांचा होता. मोरपंखी आणि हळदी.”

“असंल बा. गाडीत पाहा लागते.”

गाडी अंगणातच होती. ड्रायव्हर काच पुसत होता. कशानं पुसत होता ते मला लांबूनच दिसलं, हळदी रंग लपत नाही. मी जाऊन त्याच्या हातातून ओढून घेतला. तो बिचारा घाबरून मागे सरला, आणि अगदी मनापासून म्हणाला, “घ्या ना ताई, घ्या. आपल्यापाशी दुसरं फडकं हाये.”

फडकं! मी तिथून निघाले ती चहा न घेता, कोणाशी न बोलता. रस्ताभर रडत होते, आणि ते रडणं दुःखाचं नव्हतं, सांगून ठेवते. शुद्ध संताप होता तो.

बाई स्वयंपाकघरात होत्या. गॅसवर वरण उकळत होतं. मी मफलर ओट्यावर ठेवला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं, फडक्यापर्यंत सगळं. हळदी बाजूवर ग्रीसचा काळा पट्टा, एका टोकाला धूळ घट्ट बसलेली. बाईंनी हात पुसले, मफलर उचलला, उलटवून पाहिला.

“मी दुसरा विणते,” मी म्हटलं. “उद्याच लोकर आणते.”

“नोको.”

“मग हा धुऊन आणते.”

“नोको म्हटलं ना.” त्यांनी गॅस बंद केला. स्वयंपाकघराच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या, गळ्यापासचा पदर बाजूला केला आणि मफलर माझ्या हातात दिला. “घाल.”

मी त्यांच्या खांद्यामागून टाकायला गेले. “तसं नाही,” त्या म्हणाल्या. “समोरून. सत्कार समोरून करतात.” त्या वेळी वऱ्हाडी नव्हती, वर्गातली भाषा होती. मी समोर गेले. त्यांनी मान खाली केली. मी मफलर घातला, दोन्ही टोकं सारखी केली, काळा पट्टा आतल्या बाजूला घ्यायचा प्रयत्न केला, पण त्यांनी माझा हात धरून तो होता तसा राहू दिला. मी मागे सरकले. बाई तशाच उभ्या होत्या, हात जोडून, माझ्याकडे बघत, कशाची तरी वाट बघत.

“मंग?” त्या म्हणाल्या. “टाळ्या कोण वाजवंल?”

स्वयंपाकघरात मी एकटी. एकटीच्या टाळ्या फार केविलवाण्या ऐकू येतात. पण मी वाजवल्या. हात लाल झाले तरी वाजवत राहिले, आणि बाईंनीही मला थांब म्हटलं नाही.